शिव्यांचा टीआरपी

आमच्या घरात कलाकृतींच्या दोन याद्या आहेत. एक आम्हाला आवडणाऱ्यांची, दुसरी आम्ही रोज बघतो त्यांची. दोन्हींत एकही नाव सामाईक नाही.

पहिल्या यादीत 'कोर्ट' आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला आणि २०१५ साली भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. आम्ही तो सहकुटुंब पाहिला. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "उत्तम." आई म्हणाली, "असंच असतं हो खरं." रिक्षा मिळेपर्यंत तिसरं वाक्य कुणाला सुचलं नाही. 'सैराट'चंही तेच. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला, त्या तालावर गावोगावची थिएटरं नाचली. आणि शेवटी नागराज मंजुळे यांनी पडद्यावरचा आवाजच काढून घेतला. आमचाही गेला. त्या रात्रीचं जेवण मुक्यानं झालं. चांगल्या कलाकृतीत हाच मोठा दोष असतो: सगळं तीच बोलून बसते, आपल्याला काही ठेवत नाही.

वाईट मालिकेचं मन मोठं असतं.

आमच्याकडे रात्री साडेआठला एक मालिका लागायची. आईला ती अजिबात आवडायची नाही, म्हणून ती एकही भाग चुकवायची नाही. कुठं लग्नाला जायचं झालं, तर शेजारच्या काकूंना सांगून जायची, "आज काय मूर्खपणा करतात, तेवढं बघून ठेवा." मूर्खपणाही शिस्तीचा होता. घराण्याचा कोट्यवधींचा व्यवसाय, पण ऑफिसला कुणी जात नाही. खलनायिका खिरीत काय कालवायचं ते मोठ्यानं ठरवणार, तेही दार उघडं टाकून. नायिका भरजरी साडीत झोपणार. एक थोबाडीत तीन बाजूंनी दाखवणार, मग घरातल्या सगळ्यांचे चेहरे, मग जाहिराती. आई सोफ्यावरून ओरडायची, "अगं बावळट, ती दाराआड उभी आहे!" सख्ख्या सुनेला इतक्या मायेनं कुणी रागावत नाही.

बाबा ही मालिका बघत नसत. त्या वेळी ते फक्त त्या खोलीत असत. तरी एकदा काकूंनी मोठ्या दिराला नायकाचा सख्खा भाऊ म्हटलं, तेव्हा पेपरामागून आवाज आला, "सख्खा नव्हे, दत्तक. गणपतीच्या भागात सांगितलंय."

टीआरपी मोजणाऱ्यांचं मीटर काही निवडक घरांत बसवलेलं असतं. टीव्हीसमोर बसताना घरातल्या ज्यानं त्यानं आपापलं बटण दाबायचं, म्हणजे कोण काय बघतंय याची नोंद होते. पण बघणारा डोळे पुसतोय की दात-ओठ खातोय, हे त्या यंत्राला कळत नाही. शिवी आणि शाबासकी एकाच खात्यात जमा. आमच्या घरात मीटर नव्हतं, पण आईसारख्या बायका मीटरवाल्या घरांतही असणारच. 'चार दिवस सासूचे'चे ३,०००हून अधिक भाग झाले. नुसत्या चाहत्यांच्या जिवावर एवढी मजल मारता येत नाही. त्याला कडवे विरोधक लागतात.

हे फक्त टीव्हीचंच आहे असं नाही. १९५३मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला बाबा नेमानं जातात. गाणं रंगलं, तर त्यांच्या तोंडून एक "वा!" निघतो, संपलं. पण मध्यंतरात कोथिंबीर वडीच्या रांगेत उभे राहिले, की "पूर्वीचं सवाई राहिलं नाही" या विषयावर ते अर्धा तास विलंबित, अर्धा तास द्रुत रंगतात. वडीही पूर्वीची राहिलेली नसते. ती दोनदा घेतात.

तसा मराठीत टीकेला मान आहे. भालचंद्र नेमाडे यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'कोसला'साठी नव्हे, 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथासाठी. आईला अजून कुणी दिलेला नाही, इतकंच.

मध्यंतरी ती मालिका संपली. शेवटच्या भागात सगळे एकदम सुधारले. खलनायिकेनं तुळशीला पाणी घातलं, नायिकेनं तिला मिठी मारली, दत्तक दीरही परत आला. रागवायला कुणी उरलं नाही. आई गप्प झाली. दुसऱ्या दिवशी साडेआठला ती सवयीनं सोफ्यावर येऊन बसली आणि तिनं खोलीभर नजर फिरवली. समोर बाबा होते.

"हाच शर्ट कालही होता ना?" आईनं सुरुवात केली. "आणि पेपर असा पसरून ठेवायची काय ती पद्धत!"

बाबांनी पेपराची घडी घातली, रिमोट उचलला आणि भराभर चॅनेल बदलत एका जागी थांबले.

"ही बघ, आजपासूनच सुरू होतेय," ते घाईनं म्हणाले. "फारच भिकार आहे म्हणतात."