स्टिकर हजाराचं, काच अडीचशेची

पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या मल्टिमीटरचं आम्हाला भारी कौतुक आहे. काहींच्या तोंडावर तर 'कॅट ३, १००० व्होल्ट' असा ठसा असतो. म्हणजे सोसायटीच्या मीटररूममधल्या पॅनेलला बेलाशक भिडा! मागचे स्क्रू काढले की आत फ्यूजची पेराएवढी काचेची नळी निघते आणि तिच्या टोपीवर बारीक अक्षरात २५० व्होल्ट. उरलेले ७५० बहुधा गिऱ्हाइकाने श्रद्धेने भरून काढायचे.

फ्यूज घेताना आपण अँपिअर विचारतो. व्होल्ट वाचतो कोण? पण तार वितळली म्हणजे काम संपलं असं नाही. तिच्या दोन टोकांमध्ये ठिणगीचा झोत पेटलेला राहू शकतो आणि तो विझवणं हीच फ्यूजची खरी परीक्षा. साधी काचेची नळी ३५ अँपिअर किंवा स्वतःच्या दहापट, यांतला जो मोठा तेवढाच प्रवाह तोडण्याच्या लायकीची. पॅनेलवर दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, आणि शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर. वायरमनची प्रोब चुकून अँपिअरच्या भोकात राहिली आणि त्याने ती व्होल्टेज बघायला फेजला टेकवली, की मीटर म्हणजे निव्वळ तार! काच फुटते, झोत थांबत नाही, आणि मीटर तर हातात.

चांगल्या मीटरमध्ये यासाठी वाळू भरलेला, १००० व्होल्टचा, २० हजार अँपिअर तोडणारा सिरॅमिक फ्यूज असतो. तेवढ्या एका फ्यूजच्या पैशात आमची मीटरं दोन-तीन येतात. घाटा कोण सोसेल?

यांतही एक सत्यवचनी जात आहे. १० अँपिअरच्या भोकाशेजारी ती स्वच्छ छापते : 'अनफ्यूज्ड'. फ्यूजच नाही, तर हलका कुठून निघणार?

आणि फ्यूज गेलाच, तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. 'आता उडणारच नाही' ही त्यांची गॅरंटी, आणि ती खरीही ठरते. फ्यूज उडत नाही.

सेक्रेटरीसाहेब, एक विनंती. वायरमनने पॅनेल उघडण्याआधी त्याला मीटर उघडायला लावा. आत काच दिसली, तर ते मीटर रिमोटचे सेल तपासायला ठेवा आणि गणपतीच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढून त्याला बरं मीटर घेऊन द्या.