जावईबापू, मुक्काम उंब्रज

पूर्वी नोकरीतून सुटलेला माणूस पुण्यात नाहीतर साताऱ्यात बंगली बांधायचा आणि वर्तमानपत्रातलं शुद्धलेखन तपासत उरलेलं आयुष्य काढायचा. आता पुण्यात घर घ्यायचं तर ग्रॅच्युइटीतून फार तर पार्किंग येतं. कोकणातला दिसेल तेवढा समुद्र लोकांनी आधीच वाटून घेतलाय. तेव्हा डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना आणि हातात कलिंगड असताना, आम्ही नवराबायकोने ठरवलं की उतारवय कृष्णाकाठी काढायचं. कृष्णाकाठ लांबलचक आहे. पण बायकोने नकाशावर बोट ठेवलं ते थेट उंब्रजवर. उंब्रजहून नदीचा पूल ओलांडला की तिचं माहेर मसूर येतं, हा म्हणे निव्वळ योगायोग.

"वाईपासून सांगलीपर्यंत सगळं बघू, मग ठरवू," मी म्हणालो.

"बघू की," ती म्हणाली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की या 'बघू की'चा अर्थ कळतो.

प्रवास एसटीने केला, कारण पुढे एसटीनेच हिंडायचं आहे. इथे पहिला अपमान झाला. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. पुरुषाला अर्ध्या तिकिटासाठी पासष्ट आणि फुकट प्रवासासाठी पंचाहत्तर पुरी करावी लागतात. मी साठीचा, म्हणजे ना धड म्हातारा ना धड बाई. कंडक्टरने तिला अर्धं, मला पूर्ण तिकीट दिलं आणि वर खिडकीची जागाही तिलाच दिली.

वाई झटकन उरकली. ढोल्या गणपती, घाट, मराठी विश्वकोशाचं कार्यालय. म्हातारपणी दुसरं काय लागतं? पण घाटाजवळच्या घराचा भाव ऐकला आणि प्रदक्षिणा घालून बाहेर पडलो. दलाल म्हणाला, "काका, मेणवलीला 'स्वदेस'चं शूटिंग झालंय." म्हणजे भाव शाहरुख खानच्या हिशोबाने लावलेला.

साताऱ्यात वेगळी अडचण. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात, आणि ते खरं आहे. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला जो भेटेल तो निवृत्त. एक जलसंपदावाले, एक शिक्षणखात्यातले, एक फौजेतले. प्रत्येकाकडे सांगायला एक मोठी हकीकत, आणि ऐकायला कोणीच नाही, कारण समोरचाही आपलीच हकीकत घेऊन उभा. मी बँकेतला 1980 च्या दशकातला लेजर टॅली होण्याचा किस्सा सुरू केला, तर फौजेतल्या गृहस्थांनी तो सियाचीनवर नेऊन संपवला. या किल्ल्यावर 1700 साली औरंगजेब आला तेव्हा तोही ऐंशी ओलांडलेला होता. त्याने किल्ला घेतला, आझमतारा असं नावही दिलं, पण राहिला नाही. बोलायला कोणी मिळालं नसणार.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की निवृत्त माणसाला हवा लागते, पाणी लागतं, डॉक्टर लागतो. पण या सगळ्याच्या आधी लागतो तो ऐकणारा. बायको म्हणाली, "पस्तीस वर्षं मी काय करत होते?" त्यावर बोललो नाही.

समर्थ रामदासांनी हा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. आयुष्यभर हिंडले, आणि 1676 मध्ये सज्जनगडावर राहायला गेले. 1682 मध्ये तिथेच देह ठेवला. ऐकणारे गड चढून यायचे. आपल्यासाठी कोण चढणार? मुलगा डोंबिवलीत लिफ्ट बंद असली तर खालूनच फोन करतो.

उंब्रजला उतरलो ते भर श्रावणात. गावाला लागूनच पुणे-बंगळूर महामार्ग. एकीकडे कंटेनर घोंगावताहेत आणि चार पावलांवर तारळी नदी निवांतपणे कृष्णेत शिरतेय, असं दृश्य. इथल्या मठात समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे. चुना, वाळू आणि ताग यांचा केलेला. समर्थ चाफळहून इथे कृष्णेत स्नानाला येत, असं सांगतात. चाफळला मांड नदी असताना! पण मोठ्या नदीचा मोह कोणाला सुटलाय.

स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेतला. शेजारी एक आजोबा तंबाखू मळत बसले होते. त्यांनी आधी आमच्या चपला बघितल्या, मग पिशव्या, मग चेहरे.

"कुणाच्यातलं म्हणायचं?"

मी डोंबिवली, बँक, निवृत्ती असं सुरू केलं. आजोबांना त्यात काही रस दिसला नाही. बायकोने डोक्यावरून पदर घेतला, जो मी वास्तुशांतीनंतर पाहिला नव्हता, आणि म्हणाली, "माहेर मसूर."

बस. आजोबा उठून उभे राहिले. "आरं, जावईबापू हैत! मसूरची लेक म्हंजी आमची लेक. खुर्ची आण रं!" टपरीतली एकुलती एक प्लॅस्टिकची खुर्ची माझ्याखाली आली. आधीच प्यायलेल्या चहावर दुसरा चहा आला, बिनसाखरेचा म्हणेपर्यंत साखर विरघळलीही. आणि मग तो चमत्कार घडला. मी बोलायला लागलो आणि सगळे ऐकू लागले. जावयाचं बोलणं मधे तोडायची इथे रीत नाही. लेजरचा किस्सा मी तपशीलवार सांगितला. सव्वासात रुपयांचा फरक पहाटे कसा सापडला, तोही सांगितला. "बाबौ," असं एकाने योग्य जागी म्हटलं. शिवाय स्टँडावर दर थोड्या वेळाने चाफळच्या, तारळ्याच्या, पाटणच्या गाडीची वाट बघणारे नवे लोक येतात आणि गाडी येईपर्यंत त्यांना कुठे जाता येत नाही. मनात म्हटलं, हाच आपला सज्जनगड, आणि पायऱ्याही नाहीत.

"इथेच राहावं म्हणतो," मी जाहीर केलं.

टपरीत शांतता पसरली. आजोबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. "ऱ्हायला? कायमचं?" त्यांनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजी घरजावई."

साठाव्या वर्षी, स्वतःच्या पेन्शनवर, भाड्याच्या घरात! पण मसूरच्या पंचक्रोशीत हे खुलासे चालत नाहीत. मागून एक तरुण म्हणाला, "हितं कशाला ऱ्हाताय पावनं, कराडला जावा की. दवाखानं, भाजी, समदं हाताशी." उंब्रज आणि कराडच्या मधे तासवड्याचा टोलनाका आहे. स्वतःच्या गाडीने रक्तदाब तपासायला निघालो तर तो टोलनाक्यावरच वाढायचा, हा धोकाही त्यानेच समजावून सांगितला. "आन् दिवाळीनंतर या, मंग कळंल. ऊस निघाला की रातभर ट्रॅक्टर, दोन ट्राल्या आन् त्येच्यावर ही मोठी स्पीकर."

पण कराडच्या आधी मेहुणा आम्हाला चाफळमार्गे वर सडावाघापूरच्या पठारावर घेऊन गेला. "हवा बघायची ना? चला." हवा खरोखर बघण्यासारखी आहे. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वारा उचलून परत वर फेकतो. उलटा धबधबा म्हणतात. बायकोची छत्री उलटी झाली, माझी टोपी पाटण खोऱ्यात गेली. मेहुण्याच्या ओळखीचा एक जण तिथे प्लॉट दाखवायला हजर होता. भाव ऐकून मी दचकलो, तर तो म्हणाला, "सायेब, हितं पाणी बी वर जातंय, भाव का न्हाई जायचा?" मी लेजरचा किस्सा काढून बघितला. वाऱ्याने तोही परत माझ्याच तोंडात आणला.

मग कराड. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, संध्याकाळी भेळ मिळते. पण बाकं आधीच ठरलेली आहेत. "इथे पाटील सर बसतात," असं एका बाकाने, म्हणजे बाकावरच्या गृहस्थांनी सांगितलं. सर आले तेव्हा त्यांनी 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सुरू केला. त्या भूकंपापुढे माझा सव्वासात रुपयांचा फरक काय टिकणार?

सांगलीत भडंग उत्तम आणि माणसं अगत्यशील. पण श्रावणात सांगलीकराशी बोलताना त्याचं अर्धं लक्ष आयर्विन पुलाकडे असतं. 45 फूट म्हणजे धोका, आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं, हे तिथे लहान पोरही सांगतं. "घर छान आहे, पण पहिल्या मजल्यावर घ्या," घरमालक म्हणाले. डोंबिवलीचे जिने टाळायला निघालेल्या माणसाला हे सांगायचं!

परत उंब्रजला आलो तर बायकोने घर ठरवलेलंही होतं. मी सांगलीत भडंग बांधून घेत असताना तिने फोनवरून उरकलं होतं. तळमजला, दारात कढीपत्ता, मागे गोठा, भजनी मंडळ शेजारच्या आळीत. टपरीवर आजोबांना ही बातमी माझ्याआधी पोचली होती. मी नेहमीच्या हक्काने खुर्चीकडे गेलो, तर खुर्चीवर खताची गोणी ठेवलेली.

"येणारा जावई ऐकून घ्यायचा," आजोबांनी समजावलं, "ऱ्हाणाऱ्याला कामं सांगायची. उद्या बँकेत जायचंय, आमचं पासबुक छापून आणा. आन् त्या पीककर्जाचं काय झालं त्येबी इचारा. तुमी बँकंतलंच न्हवं?"

घरमालकांनी अकरा महिन्यांचा करार पुढे केला. डिपॉझिटचा आकडा कोरा होता. मी विचारलं, तर त्यांनी कानांना हात लावले.

"जावयाकडनं डिपॉझिट? छ्या छ्या! काय बोलताय." मग कराराचा कागद बायकोपुढे सरकवला. "ताई, तुझी सही लागंल. ह्येंची साक्षीदार म्हणून घिऊ."