इंजिनाला हात लावलेला नाही

जुनी स्कूटर विकायला काढलेला माणूस किंमत सांगण्याआधी तीन गोष्टी सांगतो. एक, सिंगल ओनर आहे. दोन, ऑफिसला जाण्यायेण्यापुरतीच वापरली आहे. तिसरी गोष्ट सांगताना तो आवाज जरा खाली आणतो, सीटवर हात ठेवतो आणि म्हणतो, "इंजिनाला हात लावलेला नाही."

म्हणजे इंजिन खोललेलं नाही, बोअर मारलेला नाही, पिस्टन-रिंगा कंपनीच्याच आहेत. घेणारा आदराने मान डोलावतो. वास्तविक त्याने विचारायला हवं, "म्हणजे ऑइलही बदललं नाही की काय?" पण आपल्याकडे वापरलेल्या वस्तूपेक्षा न वापरलेल्या वस्तूला मान जास्त. पाहुण्यांसाठीचा कपबशांचा सेट कपाटातच म्हातारा होतो. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक पहिला पाऊस आत मुरून बुरशी धरेपर्यंत निघत नाही.

हे वळण आपल्याला चेतकने लावलं असा माझा पक्का संशय आहे. 1972 साली बाजारात आलेली, आकुर्डीच्या कारखान्यात बनणारी, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव मिरवणारी ही स्कूटर पैसे दिले म्हणून मिळत नसे. नंबर लावावा लागे. मुलाच्या बारशाला नंबर लावला तर मुंजीच्या सुमाराला गाडी दारात यायची. एवढ्या नवसाने आलेली वस्तू जपायची नाही तर काय करायचं?

गंमत म्हणजे त्या गाडीच्या इंजिनाला हात लावल्याशिवाय दिवस जात नसे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात ऑइलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलमध्येच लिटरला वीसेक मिली ऑइल मिसळायचं, ते पिस्टनला वंगण करता करता पेट्रोलबरोबर जळून जायचं आणि मागे धूर व काजळी ठेवायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरायचा, जास्त झालं तर प्लग काळा. त्यामुळे मागच्या पिढीच्या डिकीत प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा, एक जादा प्लग आणि एक कळकट फडकं हा संसार कायम असे. बँकेतले हेडक्लार्क रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून गरम प्लग फडक्यात धरून उजेडात न्याहाळताना मी लहानपणी पुष्कळ पाहिलेत. टोक ओलं काळं असेल तर ऑइल जास्त, पांढुरकं पडलं असेल तर पेट्रोल कमी येतंय, आणि कॉफीच्या रंगाचं असेल तर गृहस्थ बायकोकडे पाहून हसायचे. मग प्लगवर पेपर मारायचा, फुंकर घालायची, गाडी एका अंगावर कलती करून उभी करायची आणि किक. या सगळ्यात काळजी करायला वेळच उरत नसे.

फोर-स्ट्रोक, बिनगिअरच्या गाड्या आल्या आणि आपल्या हातांचं काम संपलं. बटण दाबलं की चालू. रिकामी झालेली काळजी मग कानात जाऊन बसली. माझ्या गाडीचा एक आवाज सकाळी वेगळा, सिग्नलला वेगळा आणि मागे मंडळी बसली की तिसराच. घरी विषय काढला की उत्तर येतं, "अहो, गाडी चालतेय ना? मग?" हे उत्तर तर्काला धरून असलं तरी इंजिनाच्या तळमळीपुढे तोकडं पडतं.

आमचे मिस्त्री कमी बोलतात. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पोटातला आवाज ऐकायची ही जुनी युक्ती. दांड्यातून आवाज थेट कानात येतो. मीही श्वास रोखून उभा. शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, "टॅपेट आहे साहेब. वाजू द्या."

"घट्ट करून टाका की."

"घट्ट केलं तर व्हॉल्व जळेल. वाजतंय तोवर काळजी नाही. वाजायचं बंद झालं की या."

यात शंभर टक्के शास्त्र आहे. व्हॉल्व आणि त्याला ढकलणाऱ्या भागात केसाएवढी फट लागतेच. ती नसेल तर तापल्यावर व्हॉल्व पुरता मिटत नाही आणि कडा भाजतात. हे मला आता तोंडपाठ आहे. पण शांतता झाली की घाबरायचं, हे मनाला शिकवायला अवघड जातं. आता मी सिग्नलला थांबलो की आवाज येतोय ना, याची काळजी करतो.

खालच्या मजल्यावरच्या काकांची काळजी ऑइलची. त्यांच्या मोटारीचं उरलेलं ऑइल ते स्कूटरला घालायला निघाले होते, "महागाचं आहे, तिला काय वाईट का?" म्हणून. मी त्यांना थांबवून सांगितलं, दुचाकीच्या ऑइलच्या डब्यावर एमए आणि एमबी अशी अक्षरं असतात. मोटरसायकलचा क्लच ऑइलात बुडालेला असतो, त्याला घसरू न देणारं ते एमए. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा, मागच्या चाकापाशी, म्हणून तिला जास्त निसरडं एमबी चालतं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीत होता?" मी शाळेत मराठी शिकवायचो. ते ऑइल शेवटी त्यांनी गेटच्या बिजागऱ्यांना घातलं. गेट अजून आवाज न करता उघडतं.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून तर कट्ट्यावर दुसरा विषय नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांचं काय होणार, अॅव्हरेज किती पडणार, यावर निवृत्त मंडळी दोन-दोन तास बसतात. काळजी अगदीच खोटी नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, तेव्हा पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने मुरवून ठेवू नये एवढं खरं. पण ज्यांची टाकी अशी मुरते ते हेच लोक. त्यांची गाडी कव्हरखाली असते. खंडेनवमीला बाहेर येते, पाइप लावून अंघोळ, हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू, पेढा, आणि परत कव्हरखाली. त्या अंघोळीत पाणी एअर फिल्टरच्या डब्यात गेलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच स्कूटरना आता तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो झटकून किंवा हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. मात्र गॅरेजवाल्या पोराने कॉम्प्रेसरचा फवारा मारून दाखवल्याशिवाय आपल्याला सर्व्हिसिंग झाल्यासारखं वाटत नाही.

बेल्टची तर कुणी आठवणसुद्धा काढत नाही. डाव्या बाजूच्या कव्हरमध्ये इंजिनाकडून मागच्या चाकाला ताकद नेणारा रबरी पट्टा असतो. काही गाड्यांच्या पुस्तकात तो 24,000 किलोमीटरला बदला असं छापलेलं आहे. पुस्तक डिकीत असतं, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. मग एके दिवशी भर पुलावर पट्टा तुटतो. इंजिन झकास चालू, रेस केली तर गर्जना करतं आणि गाडी जागची हलत नाही. मागचे हॉर्न मारतात. अशा वेळी "इंजिनाला हात लावलेला नाही" हे वाक्य कुणाला ऐकवायचं?

सगळ्यात वाईट हाल मात्र कोथिंबिरीच्या गाडीचे. कोपऱ्यावर जायचं, जुडी घ्यायची, परत यायचं. इंजिन तापतच नाही. थंड इंजिनात जळून निर्माण झालेली वाफ पाणी होऊन ऑइलात उतरते, थोडं न जळलेलं पेट्रोलही उतरतं, आणि गाडी कधी लांब पळालीच नाही तर ते तिथेच राहतं. शिवाय झिजायचा मोठा वाटा थंडपणी सुरू करतानाचा. आमच्या सोसायटीत जेवणाचे डबे पोहोचवणारा मुलगा येतो. त्याच्या गाडीचा पत्रा पाहवत नाही, मडगार्ड तारेने बांधलेलं आहे, पण दिवसभर गरम राहून, वेळेवर ऑइल पिऊन तिचं इंजिन घड्याळासारखं चालतं. काकांची चकचकीत गाडी दोन पावसाळ्यांत धूर टाकायला लागली. "कमी वापरलेली आहे हो," ते अजून सांगतात.

ऑइलला किलोमीटरचा हिशेब असतो तसा महिन्यांचाही असतो. गाडी पळाली नाही तरी ते जुनं होतं.

तेव्हा हे वाचून झालं की खाली जा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. ऑइलची पट्टी काढून फडक्याने पुसा, परत आत घाला, बहुतेक गाड्यांत ती पिळायची नसते, नुसती टेकवायची असते. बाहेर काढून दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का बघा. ते खालच्या खुणेच्या खाली असेल तर आजच भरा. काळंकुट्ट असेल आणि शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल, तर मिस्त्रींना फोन करा. इंजिनाला हात लावू द्या त्यांना.