पद्मिनीवाले काका

जुन्या सोसायटीत एक पद्मिनीवाले काका असतातच. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची थांबली त्याला दोन दशकं उलटली, पण काकांची ८४ सालची अजून चालू आहे. चालू म्हणजे दिवसा. अंधार पडला की तिचा भरवसा नाही. इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही डोळे मिचकावतो, ब्रेक दाबला की पुढचे पार्किंगचे दिवे मंद उजळतात. काका वळताहेत, थांबताहेत की वरातीला निघालेत, हे मागच्या रिक्षावाल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

‘बल्ब बदलून बघा’ म्हणणारा काकांच्या लेखी अडाणी. त्यांचं निदान ठरलेलं : अर्थिंग. आणि चीड आणणारी गोष्ट ही, की ते बरोबर असतं. बॅटरीकडून दिव्याकडे जायला वायर. परत यायला गाडीचा पत्रा. होल्डरच्या स्क्रूखाली गंज धरला, किंवा पेंटरनं हौसेनं तिथंही रंगाचा हात मारला, की परतीची वाट बंद. मग ब्रेकचा करंट त्याच बल्बातल्या टेलच्या फिलामेंटमध्ये घुसतो आणि टेलच्या वायरीतून उलटा जात भलतेच दिवे पेटवत घरी पोचतो. हा सगळा प्रवास काका बॉनेटवरच्या धुळीत बोटानं काढून दाखवतात. गाडी धुतली जाईपर्यंत, म्हणजे भरपूर दिवस, तो नकाशा तिथं असतो.

नाक्यावरचा वायरमन होल्डरपासून थेट बॅटरीपर्यंत वेगळी वायर ओढून द्यायला तयार आहे. दहा मिनिटांचं काम. काकांना तो गाडीचा अपमान वाटतो. ‘कंपनीनं जिथं अर्थ दिलाय, तिथंच मिळाला पाहिजे!’

म्हणून रविवारी मल्टिमीटर निघतो. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन होल्डरच्या पत्र्याला. ब्रेक दाबलेला असताना आकडा शून्याच्या आसपास हवा. ‘तीन व्होल्ट!’ काका डिकीतून ओरडतात. ‘बारातले तीन मधल्यामध्ये कोण खातंय?’ हे सोसायटीच्या हिशेबाबद्दल आहे असं वाटून सेक्रेटरी गॅलरीतून आत जातात.

पण ब्रेक दाबायला माणूस लागतो. वॉचमन हल्ली रविवारी सकाळी दिसत नाही. उरतात काकू. त्या पुढच्या लांबलचक सीटवर परात घेऊन बसतात, पाय ब्रेकवर, हात भाजीत. किती वेळ लागेल ते काका कधी खरं सांगत नाहीत, त्यामुळे काकूंनी स्वतःचा अंदाज बसवलाय : इंडिकेटरला मेथीची एक जुडी, टेल लॅम्पला गवार, ब्रेक लाइटला मटार, तोही दोन किलो.

‘दाबा!’

‘दाबलाय.’

‘सोडा!’

‘सोडला.’ एक शेंग फुटते.

‘आता दाबा!’

अखेर स्क्रू निघतो. खाली हिरवट पावडर, तिच्यावर गेल्या दिवाळीचा निळा रंग. काका पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासतात, स्क्रू आवळतात, आणि मागचा दिवा असा लालभडक पेटतो की समोरच्या बिल्डिंगमधली पोरं टाळ्या वाजवतात. काका खिशातल्या फडक्यानं एकेक बोट पुसतात. मग सहज म्हणून हॉर्न वाजवतात. कान देऊन पुन्हा वाजवतात.

‘जरा बसल्यासारखा येतोय, नाही?’

काकू परात उचलतात. ‘वाल भिजत घालते. मोड यायला दोन दिवस लागतील. तोवर हात लावू नका.’