तुम्हाला सगळं माहीत होतं

(अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनला खुलं पत्र)

नॅशनल रायफल असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांनो,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची आमच्याकडे रीत आहे. ती मी मुद्दाम मोडते आहे. शाळेत गेलेलं लेकरू संध्याकाळी घरी येईल ना, ही धाकधूक तुमच्या देशातल्या ज्या आईबापांच्या पोटात तुम्ही कायमची घालून ठेवली आहे, खुशाली विचारायची ती त्यांची.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डी गावात, रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गोळ्यांनी मारल्या गेल्या. मारणाऱ्याने नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केली होती आणि त्यानंतरच्या काही दिवसांत दोन रायफली रीतसर, कायद्याने विकत घेतल्या होत्या. बिअरची बाटली घ्यायला त्याला आणखी तीन वर्षं थांबावं लागलं असतं. या घटनेला तीन दिवस होतात न होतात तोच, त्याच राज्यात, ह्यूस्टनला तुमचं वार्षिक अधिवेशन सुरू झालं. गावात अंत्यविधींची तयारी चालली होती आणि तुमच्याकडे बंदुकांचं प्रदर्शन. माजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प तिथे बोलले, तेव्हा सुरक्षेच्या नियमानुसार सभागृहात बंदूक आणायला बंदी होती. शाळांमधली बंदूकबंदीच मारेकऱ्यांना आमंत्रण देते, असं तुम्ही वर्षानुवर्षं सांगत आला आहात. मग माजी राष्ट्राध्यक्षांच्या जिवासाठी तीच बंदी तुम्हाला चालली कशी? जिथे जीव मोलाचा असतो तिथे बंदुका दाराबाहेर ठेवायच्या असतात, हे तुम्हाला त्या दिवशी पटलं होतं. युवाल्डीतल्या मुलांच्या बाबतीत मात्र पटलं नाही.

माझा तुमच्यावरचा आरोप एवढाच आहे आणि तो मी पुराव्यानिशी मांडणार आहे: तुम्हाला सगळं माहीत होतं. अज्ञानातून चुकणाऱ्याला समजावता येतं. तुम्ही तसे नाही. बंदुकीला लगाम हवा, हे तुम्हीच एकेकाळी संसदेपुढे सांगितलं होतं आणि नंतर ते गिळून टाकलंत.

तुमची संघटना १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांचे नेम धड लागत नव्हते, त्यांना नेमबाजी शिकवावी, हा त्या युद्धातून परतलेल्या दोन अधिकाऱ्यांचा हेतू होता. त्यात वाईट काही नव्हतं. पुढे १९३४ साली मशिनगन आणि आखूड केलेल्या शॉटगनवर कर आणि नोंदणी लादणारा कायदा आला. तेव्हा तुमचे अध्यक्ष होते कार्ल फ्रेडरिक, ऑलिंपिकमध्ये नेमबाजीची सुवर्णपदकं जिंकलेला माणूस. ऊठसूट कुणीही बंदूक बाळगत फिरावं हे आपल्याला मान्य नाही, त्यावर कडक बंधनं हवीत आणि परवाने हवेत, अशी साक्ष त्यांनी संसदेपुढे दिली. पिस्तुलं त्या कायद्यातून तुम्ही वगळून घेतलीत हेही खरं. पण बंधन म्हणजे गुलामगिरी, असं तेव्हा तुमच्यातलं कुणी म्हणत नव्हतं.

१९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. ज्या रायफलीने ती झाली ती मारेकऱ्याने टपालाने मागवली होती आणि तिची जाहिरात तुमच्याच ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात छापून आली होती. टपालाने बंदुका विकण्यावर बंदी घालायची चर्चा निघाली तेव्हा तुमचे त्या वेळचे प्रमुख फ्रँकलिन ऑर्थ यांनी तिला पाठिंबा दिला. शहाण्या माणसाची याला हरकत असू शकत नाही, या अर्थाचं ते बोलले.

मग मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात कट्टरांनी रातोरात संघटना ताब्यात घेतली. मुख्यालय कोलोरॅडोला हलवावं, शिकार आणि निसर्गभ्रमंतीकडे लक्ष द्यावं, असं म्हणणारे जुने कारभारी घरी गेले आणि हार्लन कार्टर यांच्या हाती सूत्रं आली. तिथून पुढे तुम्ही नेमबाजांचा संघ राहिला नाहीत. खासदारांना गुण देणारा, पाडणारा आणि निवडून आणणारा कारखाना झालात. १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आधी सुनियंत्रित नागरी सेनेची गोष्ट येते आणि मग शस्त्र बाळगण्याच्या हक्काची. तुमच्या मुख्यालयाच्या भिंतीवर तुम्ही फक्त उत्तरार्ध लावलात. निवृत्त सरन्यायाधीश वॉरन बर्गर, तेही रिचर्ड निक्सन यांनी नेमलेले, १९९१ साली दूरचित्रवाणीवर म्हणाले की या दुरुस्तीचा तुम्ही लावलेला अर्थ ही जनतेची मोठी फसवणूक आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तुमच्या बाजूचा अर्थ उचलून धरला. पण त्या निकालातही हा हक्क अमर्याद नाही, शाळांसारख्या जागी बंदी घालता येते, असं न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी स्पष्ट लिहिलं आहे. तेवढी ओळ तुमच्या भाषणांत कधी येत नाही.

आता १९९९. २० एप्रिलला कोलंबाइन हायस्कूलमध्ये १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. जवळच्याच डेन्व्हरमध्ये तुमचं अधिवेशन ठरलेलं होतं. महापौर वेलिंग्टन वेब यांनी येऊ नका म्हणून सांगितलं. तुम्ही कार्यक्रम आटोपता घेतलात, पण आलात. तिथे तुमचे सर्वेसर्वा वेन लापिएर म्हणाले की शाळांमध्ये बंदुकांना अजिबात थारा नको. महिनाभरात ते संसदेच्या उपसमितीपुढे बसले आणि म्हणाले की बंदुकांच्या प्रदर्शनातल्या प्रत्येक विक्रीआधी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणं सक्तीचं करणं रास्त आहे. हे तुमच्या विरोधकांचं म्हणणं नव्हे, तुमचंच आहे. त्याच सुमारास उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने सिनेटने नेमकी तशी तरतूद मंजूर केली. प्रतिनिधिगृहात ती पडली आणि पाडायला सगळा जोर लावला होता तुम्ही. तोंडाने रास्त म्हणायचं आणि हाताने गळा दाबायचा, याला आमच्याकडे पोटात एक आणि ओठांत एक म्हणतात.

पण तुमचं सगळ्यात काळं काम याहून वेगळं आहे. तुम्ही देशाचे डोळे बांधलेत. घरात बंदूक असली की घरातल्यांचा खून होण्याचा धोका वाढतो, असा शोधनिबंध १९९३ साली आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्याला सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा पैसा होता. तुम्ही निबंध खोडून काढला नाहीत, पैसाच बंद पाडलात. १९९६ साली या संशोधनाला लगाम घालणारी ‘डिकी दुरुस्ती’ आली आणि रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजपत्रकातून २६ लाख डॉलर कापले गेले. आदल्या वर्षी बंदुकीच्या इजांच्या अभ्यासावर बरोबर तेवढेच खर्च झाले होते. जवळजवळ पंचवीस वर्षं त्या संशोधनाला सरकारी पैसा नीट मिळाला नाही. ज्यांच्या नावाने ती दुरुस्ती ओळखली जाते, त्या जे डिकींना पुढे पश्चात्ताप झाला आणि त्यांनी तो जाहीरपणे लिहिला. तुम्हाला अजून झालेला नाही.

गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचं सरकारी केंद्र वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला आहे. बंद पडलेल्या दुकानांच्या नोंदी तिथे खोक्यांनी येतात आणि कर्मचारी त्या पानामागून पान डोळ्यांनी शोधतात. नाव टाकून संगणकावर शोधायची सोय करायला त्यांना मनाई आहे, कारण मालकांची यादी होऊ नये हा तुमचा हट्ट. मग २००५ साली बंदूक बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा तुम्ही करून घेतलात. अभ्यास करायचा नाही, माग काढायचा नाही, दावा लावायचा नाही. ज्याला स्वतःच्या मालाची खात्री असते त्याला एवढ्या कड्याकुलपांची गरज पडत नाही.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. ती मुलं सहा-सात वर्षांची होती. आठवड्याने लापिएर पत्रकारांपुढे आले आणि म्हणाले की बंदूकधारी वाईट माणसाला थांबवायला बंदूकधारी चांगला माणूसच लागतो, प्रत्येक शाळेत सशस्त्र पहारेकरी ठेवा. शाळेत बंदूक नको म्हणणारा तेरा वर्षांपूर्वीचा माणूस तो हाच. आणि या चांगल्या माणसाचं काय झालं तेही ऐका. कोलंबाइनला सशस्त्र पोलिस होता. २०१८ साली फ्लोरिडातल्या पार्कलंडला, जिथे १७ जण गेले, तिथेही होता आणि तो आत गेला नाही. युवाल्डीत ३७६ पोलिस जमले. शाळेच्या आत-बाहेर ७७ मिनिटं गेली, तेव्हा कुठे मारेकरी ठार झाला. पोलिसांचा हा आकडा टेक्सास विधिमंडळाच्या समितीच्या अहवालातला आहे. समोर युवाल्डीच्या मारेकऱ्याच्या हातात होती तशी रायफल असली की प्रशिक्षित पोलिसही दाराशी थबकतो, आणि ती रायफल अठरा वर्षांच्या पोराला मिळावी यासाठी तुम्ही कोर्टात भांडता. पार्कलंडनंतर फ्लोरिडाने खरेदीचं वय २१ केलं, तेव्हा त्याविरुद्ध दावा तुम्हीच लावला होता.

सँडी हूकनंतर, १७ एप्रिल २०१३ रोजी, पार्श्वभूमी तपासणी वाढवणारं विधेयक सिनेटमध्ये मताला आलं. बाजूने ५४, विरोधात ४६. साठ हवी होती, म्हणून पडलं. विधेयक मांडणारे जो मँचिन हे तुमच्याच गुणपत्रिकेत अव्वल असलेले सदस्य होते. तुम्ही त्यांनाही सोडलं नाहीत.

प्रश्न बंदुकीचा नाही, मनोविकाराचा आहे, असं तुम्ही दर वेळी म्हणता. मनोविकार ब्रिटनमध्ये आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत, आमच्याकडेही आहेत. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन गावातल्या शाळेत १६ मुलं आणि त्यांची बाई मारली गेली. पुढच्या वर्षी ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. एप्रिल १९९६ मध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला ३५ माणसं गेली. बारा दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या सगळ्या राज्यांचं नव्या कायद्यावर एकमत झालं आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेऊन नष्ट केल्या गेल्या. ते घडवणारे पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या पक्षाचे होते. तुमच्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत आणि २०२० पासून एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. मोटारींच्या अपघातांनाही तिने मागे टाकलं. बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. म्हणजे मनाच्या आजाराची तुम्हाला खरीच काळजी असती, तर खचलेल्या माणसाच्या हाताशी बंदूक इतक्या सहज येऊ नये म्हणून तुम्हीच पुढे झाला असता.

तुम्ही विचाराल, या बाईचा आमच्या भांडणाशी संबंध काय? मी शाळेत शिकवत आले आहे, हा पहिला संबंध. आणि दुसरा असा की एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि तमिळनाडूतून जाऊन तिथेच उभं आयुष्य शिकवण्यात घालवलेले एक प्राध्यापक होते. कोर्टाने ज्याला उपचार घ्यायला सांगितलं होतं अशा तरुणाला दुकानात पिस्तुलं मिळाली, कारण ती नोंद तपासणीच्या यादीत पोचलीच नव्हती. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची नातवंडं न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात शाळेत जातात. बालवाडीपासून त्यांना सराव दिला जातो: दिवा बंद, दार बंद, कोपऱ्यात बसायचं, हुं की चूं करायचं नाही. वर्गात गप्प बसा म्हटलं की लहान मूल ‘का?’ विचारतं. आम्हा शिक्षकांना त्याचं उत्तर द्यावं लागतं. तिथल्या शिक्षिकेने काय उत्तर द्यावं, ते तुम्ही सांगा. खरं उत्तर तुमच्या नावापाशी येऊन थांबतं.

तुम्ही अजिंक्य नाही, हेही आता दिसलं आहे. युवाल्डीनंतर महिन्याभरात, तुमचा विरोध असताना, एकवीसपेक्षा लहान ग्राहकांची जास्त कसून तपासणी करणारा कायदा सिनेटने ६५ विरुद्ध ३३ मतांनी मंजूर केला. त्या पासष्टांत पंधरा रिपब्लिकन होते. लापिएर यांना जानेवारी २०२४ मध्ये पद सोडावं लागलं आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ज्यूरीने सभासदांच्या पैशांची उधळपट्टी केल्याबद्दल त्यांना जबाबदार धरलं. शेतकऱ्याचं, शिकाऱ्याचं, साध्या माणसाचं नाव घेऊन गोळा केलेली वर्गणी खासगी विमानांत उडाली. कुंपणच शेत खात होतं.

आता नवे पदाधिकारी आहेत, म्हणून हे पत्र लिहिण्यात अर्थ आहे. शिकाऱ्याची बंदूक काढून घ्या, असं मी म्हणत नाही. माझी मागणी फार जुनी आहे, तुमच्याच दप्तरात पडलेली आहे. १९३४ साली परवाने हवेत म्हणालात, केनेडींच्या हत्येनंतर टपालविक्री नको म्हणालात, १९९९ साली प्रदर्शनातल्या प्रत्येक विक्रीची तपासणी रास्त म्हणालात. त्यातलं शेवटचं विधान घ्या, संसदेपुढे पुन्हा बसा आणि ते पुन्हा म्हणा. मग त्यासाठी मत देणाऱ्या खासदाराला पाडायला जाऊ नका. एवढं केलंत तर अनेक मुलं मोठी होतील. नाही केलंत, तर यापुढच्या प्रत्येक शाळेच्या बाबतीत ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणायचा अधिकार तुम्हाला राहणार नाही. तो तुम्ही स्वतःच्याच साक्षीने गमावला आहे.

— एक शिक्षिका