४६ भोकांचा ताळेबंद

नागपुरात मे महिन्यातला पडदा शोभेसाठी नसतो. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश पाहिले आणि आमच्या पश्चिमेच्या खिडकीने ते अजून सोडलेले नाहीत. दुपारी तीननंतर त्या खोलीत कूलरही हात टेकतो. तेव्हा तिथे जाड पडदा हवा. पडद्याला रॉड हवा, रॉडला ब्रॅकेट, ब्रॅकेटला स्क्रू, स्क्रूला गिट्टी आणि गिट्टीला भोक.

आमच्या भागातला इलेक्ट्रिशियन एका भोकाचे पन्नास रुपये घेतो. दोन खिडक्या, चार ब्रॅकेट, आठ भोकं, चारशे रुपये. साधा माणूस चारशे रुपये देऊन मोकळा झाला असता. मी तेवीसशेचं कॉर्डलेस ड्रिल मागवलं. ४६ भोकं पाडली की मशीन फुकट आणि सत्तेचाळिसाव्यापासून निव्वळ नफा, असा तो हिशेब होता. कागदावर मांडून बायकोला दाखवला.

"आठ पडद्यांची. उरलेली अडतीस कुठे पाडणार?"

मी घरभर नजर फिरवली. देवघराच्या भिंतीला हात लावायचा नाही, असं तिने तिथल्या तिथे बजावलं. "घर आहे, चाळणी नाही," हेही.

काळी प्लॅस्टिकची पेटी आली. आत बारा व्होल्टचं मशीन, चार्जर आणि सोनेरी बिटांची रांग. बिट इतके, की बिटांवर मशीन मोफत दिलं असावं. ट्रिगर दाबला की पुढे छोटा दिवा लागे. पहिल्या संध्याकाळी मी बराच वेळ तो नुसता लावत बसलो. चकच्या मागे एक कडं, त्यावर १ ते १८ आकडे आणि शेवटी बिटाचं चित्र. स्क्रू पिळताना आकड्यावर ठेवायचं, म्हणजे ठरावीक जोरानंतर क्लच सुटतो आणि स्क्रूचं डोकं वाचतं. भोक पाडायचं तर कडं थेट चित्रावर न्यायचं. हे माहितीपत्रकात होतं. पण माहितीपत्रक ज्यांना गरज असते त्यांच्यासाठी छापतात. मी स्वभावाने मध्यममार्गी असल्यामुळे कडं नऊवर ठेवलं.

प्लॅस्टरमध्ये बिट असा सरसर शिरला, की मी स्टुलावरूनच बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत अर्ध्या इंचावर काम थांबलं होतं. मशीन कडकडत होतं आणि बिट जागच्या जागी. कडं चित्रावर नेलं. कडकड थांबून घरघर सुरू झाली, जळका वास आला, चिमूटभर करडी पूड माझ्या चष्म्यावर पडली.

"झालं?"

"होतंय."

समोरच्या गच्चीवरून शेजारचे काका बघत होते. काका वेकोलि या कोळसा कंपनीतून रिटायर झालेले. सावनेरच्या भूमिगत खाणीत सुरुंगाची भोकं पाडण्यात त्यांची हयात गेली. "काहून भाऊ, भिंतीले गुदगुल्या करून राहिले का?" ते तिथूनच ओरडले आणि न बोलावता आले. आल्या आल्या म्हणाले, "मशीन उलटी फिरून राहिली ना बाप्पा." उलटं-सुलटं करायचं बटण पुरेसं ठळक नाही, असं माझं मत आहे. सुलटं करूनही बिट ढिम्म हलेना तेव्हा काकांनी भिंतीवर टिचकी मारली. "लिंटेल आहे हे. खिडकीच्या वर काँक्रीट रायते, आत सळाख. याले ठोकणारी मशीन लागते. तुमची नुसती फिरते."

म्हणजे विटेला ओरबाडून भागतं, काँक्रीटमधली खडी मात्र आधी फोडावी लागते. हॅमर मशीन फिरता फिरता बिटाला मिनिटाला हजारो ठोके देतं, ते त्यासाठीच. आमच्याकडची खडी बहुधा काळ्या बेसाल्टची; सीताबर्डीची टेकडी त्याच जातीच्या दगडाची. १८१७ साली त्या टेकडीसाठी लढाई झाली तेव्हा इंग्रजांजवळ तोफा होत्या. माझ्याजवळ बारा व्होल्ट.

रात्री मी वाचन केलं. बिनवायरचं ड्रिल ब्लॅक अँड डेकरने १९६१ साली आणलं. पुढे चांद्रमोहिमांच्या बॅटरीवरच्या ड्रिलचं कामही त्यांच्याकडे गेलं. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने ते चंद्रावर चालवलं. आतली उष्णता मोजायला सुमारे तीन मीटर खोल भोक हवं होतं. ड्रिल निम्म्याच्या आसपास अडलं. नमुना काढायला घातलेली नळी तर अशी रुतली, की उपसून काढायला दोन अंतराळवीर लागले. म्हणजे चंद्रावरही लिंटेल आहे. सकाळी हे सगळं बायकोला सांगितलं.

"त्यांना पडदे लावायचे होते का?" ती म्हणाली.

त्या दुपारी बॅटरी चार्जच होईना. लाल दिवा नुसता लुकलुके. लिथियम बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापली की बरेच चार्जर तिला हात लावत नाहीत, आणि आमची ती खोली त्याच आकड्याभोवती घुटमळत होती. मी बॅटरी स्टुलावर, कूलरच्या तोंडापुढे ठेवली. खसचा गार वारा सगळा तिला. आम्ही दोघं दोन बाजूंना घाम पुसत. बायकोने एकदा बॅटरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

त्याने वायरवालं हॅमर काढलं आणि चहा निवायच्या आत आठ भोकं पाडली. गिट्ट्या ठोकल्या. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "भाऊ, ती छोटी मशीन द्या ना जरा." सगळे स्क्रू त्याने माझ्या मशीनने पिळले, कडं बारावर ठेवून. "भारी आहे. पेचकस म्हणून एक नंबर." मशीन वापरलं तर भाडं वजा व्हायला हवं, असं माझं म्हणणं होतं. बायकोने पाचशेची नोट दिली आणि सुटे परत घेतले नाहीत. म्हणजे मशीन आता अठ्ठावीसशेला पडलं. छप्पन्न भोकं.

माझं ते अर्ध्या इंचाचं भोक पडद्याच्या वर उघडंच राहिलं. ते झाकायला कॅलेंडर लावायचं ठरलं. पण कॅलेंडर लावायला भोक लागतं.

गेल्या आठवड्यात काका मशीन मागायला आले. कूलरच्या जाळीचे स्क्रू काढायचे होते. परत आणून दिलं तेव्हा बिटाला लाल धूळ लागलेली.

"स्क्रू झाले, मंग म्हटलं हाती आहे तर बैठकीत फोटो लावून घेऊ. मस्त चालते हो! दम धरला तर विटेत बरोबर जाते. तुमी त्या लिंटेलमधीच काहून घुसले?"

किती भोकं पाडली, ते मी सहज विचारून घेतलं. नऊ. मशीन माझं, तेव्हा ती माझ्याच खात्यात जमा केली. काकांना सांगण्याचं कारण नाही. उरली सत्तेचाळीस. त्यांच्या जिन्याची भिंत मी पाहून आलोय. अख्खी विटेची आहे.