सामूहिक पक्षिनिरीक्षणाचा शास्त्रोक्त विधी

ज्या कामास शांतता, एकांत आणि धीर या तीन गोष्टी लागतात, ते काम पंचवीस जणांनी मिळून व्हॉट्सॲप गटाच्या साहाय्याने पार पाडण्याच्या विधीस सामूहिक पक्षिनिरीक्षण असे म्हणतात. या विधीसाठी नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे क्षेत्र विशेष प्रशस्त मानले जाते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत बंधारा बांधला गेला तेव्हा पाण्याबरोबर गाळही अडला, आणि सिंचनाच्या हिशेबात निव्वळ तोटा ठरणाऱ्या या गाळाने उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती यांची अशी काही बरकत केली की १९८६ साली येथे अभयारण्य झाले. पुढे २०२० च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे १९७१ मध्ये इराणातील रामसर शहरी झालेल्या करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. गाळ साचू दिल्याबद्दल इतका मोठा सन्मान दुसऱ्या कोणत्या बंधाऱ्यास क्वचितच लाभला असेल.

उत्तरेकडून येणारे स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येथे मुक्कामास असतात, त्यामुळे विधीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा ठरतो. याच दिवसांत निफाडचा पारा वर्तमानपत्रात छापून येण्याइतका खाली उतरतो. म्हणून वस्त्रे उबदार, परंतु खाकी किंवा मातकट रंगाची असावीत, असे सर्व जाणकार सांगतात, आणि म्हणूनच प्रत्येक गटात शेंदरी जाकीट घातलेला एक सदस्य हटकून आढळतो. दुर्बिणीवर ८ × ४२ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते हे, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. पाच दुर्बिणी पंचवीस जणांत फिरत असल्याने शेवटच्या सदस्याच्या हाती ती येते तेव्हा पक्षी उडून गेलेला असतो, तथापि त्याने रिकाम्या फांदीवर नजर रोखून ‘दिसला, दिसला’ म्हणावे, असा संकेत आहे.

पक्षी दाखवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत ‘त्या बाभळीवर’ एवढेच सांगतात, ज्याचा उपयोग आसपास एकच बाभूळ असल्यास होतो. दुसरीत झाडाला घड्याळाची तबकडी मानून ‘दोन वाजता पाहा’ असे म्हणतात. अशा वेळी निदान एक सदस्य मनगटाकडे पाहतो.

यानंतर येतो यादीचा प्रश्न. गटाची प्रतिष्ठा पाहिलेल्या जातींच्या संख्येवर ठरत असल्यामुळे एका जातीपुढे अर्ध्या मिनिटाहून अधिक रेंगाळणे गैर समजले जाते, आणि शेकड्यांनी दिसणारा वारकरी (यालाच चांदवा असेही नाव आहे) तर कोणाच्या खिजगणतीतही नसतो. वस्तुतः कपाळावर पांढरा टिळा मिरवणारा हा काळा पाणपक्षी हवेत झेपावण्यापूर्वी पंख फडफडवत, पायांनी पाणी तुडवत बराच पल्ला अक्षरशः धावतो आणि मागे पाण्यावर पावलांची ओळ उमटत जाते. उथळ पाण्यात चालणारा चमचा आपली चपटी चोच किंचित उघडी ठेवून डावी-उजवीकडे फिरवत राहतो, आणि गढूळ पाण्यात लहान मासा दिसला नाही तरी चोचीला लागताच ती मिटतो. हे पाहण्यास एका जागी पंधरा मिनिटे मुकाट्याने उभे राहावे लागते, ही या विधीत न बसणारी अट आहे.

पाण्याकडून झाडीत शिरल्यावर कानांची परीक्षा सुरू होते. तांबट उंच शेंड्यावर बसून ठोके पाडल्यासारखा टुक्-टुक् करत मान वळवतो, त्यामुळे आवाज प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने आल्याचा भास होतो आणि गटात चार तट पडतात. खाली पाचोळ्यात कलकलाट करत, एकमेकांवर खेकसत, तरीही एकत्रच सरकणारे सातभाई दिसले, तर त्यांची गटाशी तुलना करण्याचा मोह नेत्याने आवरावा.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे, हा या शास्त्रातील उघड अधर्म होय, कारण हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला असे समजून तो चारापाणी सोडून भांडायला येतो. उडतानाचे छायाचित्र मिळावे म्हणून खडा मारणाऱ्यास गाडीत बसवून ठेवावे.

आता राहिला गावातला गाइड. त्याने नुसत्या डोळ्यांनी दाखवलेले पिंगळ्याचे जोडपे ॲपमध्ये पडताळून पाहण्याची पद्धत आहे, आणि ॲपने ‘बहुधा’ असे उत्तर दिल्यावरच गट त्याच्यावर विश्वास ठेवतो. दहा वाजता ऊन चढते, गटाचे लक्ष मिसळीकडे वळते आणि सगळे घाईने गाड्यांत बसू लागतात. म्हणून गाइडचे पैसे संयोजकांनी त्यापूर्वीच, आणि घासाघीस न करता, चुकते करावेत.